सायकल लावायची कुठे?

पुण्यात सायकलीला मान मोठा. तिच्यावर भाषणं होतात, तिच्या नावाने फेऱ्या निघतात, तिला झेंडा दाखवायला नगरसेवकांपासून मालिकेतल्या सूनबाईंपर्यंत मंडळी पहाटे साडेपाचला अंघोळ करून हजर असतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून जाहीर केला, तेव्हापासून तिचा एक दिवस पंचांगातही पक्का झाला. एवढ्या मानमरातबात तिची एकच मागणी राहून गेली आहे. तिला उभं राहायला जागा हवी आहे.

सायक्लोथॉन नावाचा सोहळा ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावा. सायकल येत नसली तरी चालतं, टी-शर्ट मात्र हवा. खरी शर्यत त्या टी-शर्टाच्या टेबलाशीच लागते. मीडियम केव्हाच संपलेला असतो, स्मॉल कोणाच्याच गळ्यात शिरत नाही, आणि उरलेला डबल एक्सेल घालून सडपातळ पोरं शिडाच्या होडीसारखी फडफडत रांगेत उभी असतात. मग झुंबा. पाय चालवायला आलेल्या माणसांना आधी अर्धा तास हात वर करून नाचवतात. मग प्रमुख पाहुणे येतात आणि धुराने कोंडलेल्या शहराबद्दल तळमळीने बोलतात. ते बोलत असतात तोवर कमानीबाहेर त्यांची गाडी सुरूच असते, कारण आत एसी लावून ड्रायव्हर बसलेला असतो.

आयोजकांना विचारलं, की तुमची सगळ्यात मोठी डोकेदुखी कोणती, तर उत्तर येतं: पार्किंग. सायकलींचं नव्हे हो, मोटारींचं! पाच किलोमीटरच्या फेरीसाठी वाघोली, बावधन, उंड्रीहून येणारी मंडळी सायकल मोटारीच्या पाठीला बांधून आणतात. शंभर सायकली रस्त्यावर आणायच्या तर त्यामागे पन्नास मोटारी उभ्या करायची सोय बघावी लागते. त्या लोकांना हसण्यात अर्थ नाही. वाघोलीहून नगर रस्त्याने सायकल मारत यायचं, तर निघण्यापूर्वी विम्याचा हप्ता भरलाय ना हे घरात विचारून घेतलेलं बरं.

सोमवारी तोच माणूस, तीच सायकल, अंगात तोच टी-शर्ट. आज झेंडा नाही, शिट्टी आहे. ती बँकेच्या वॉचमनच्या तोंडात.

"ओ काका, सायकल आत नाय लावायची."

"मग कुठं लावू?"

"भायेर लावा की."

"बाहेर तर नो पार्किंगची पाटी आहे."

"ती गाड्यांना. सायकल काय गाडी हाय का?"

"मग आत लावतो."

"आत फक्त गाड्या."

या युक्तिवादाला उत्तर नाही. गंमत म्हणजे देशाचा कायदाही या वॉचमनच्याच बाजूने आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सायकल हे मोटार वाहन नाही. तिला नंबर नाही, लायसन्स नाही, विमा नाही, पीयूसी नाही. म्हणजे पोलिसाने अडवून कागदपत्रं मागण्याचंही सुख तिच्या नशिबी नाही. जिच्याकडे कागद नाही तिला आपल्या देशात जागा कोण देणार?

मग काका सायकल घेऊन हिंडतात. विजेच्या खांबाला लावली तर बोर्डाचा माणूस येतो. झाडाला लावली तर झाडाखालचा इस्त्रीवाला येतो. चहाच्या टपरीला टेकवली तर एक कटिंग घ्यावा लागतो. पार्किंगचा दर म्हणून तो वाजवी असला तरी दिवसातून चार कामं असली की पित्त होतं. शेवटी बँकेच्या मागच्या बोळात, जनरेटरच्या आडोशाला, एक जागा सापडते. तिथे आधीच एक सायकल उभी असते. मडगार्ड गंजलेलं, कॅरियरला डब्याची पिशवी सुतळीने बांधलेली, सीटवर पावसासाठी प्लास्टिकची पिशवी चढवलेली. ती असते त्या वॉचमनची. बारा तासांच्या ड्यूटीला तो तिच्यावरूनच येतो. साहेबांना दिसायला नको म्हणून मागे लावतो.

सायक्लोथॉनच्या टी-शर्टवर ज्याचं चित्र कधीच येत नाही असा हा सायकलवाला. २०११ च्या जनगणनेने कामावर जाणाऱ्यांची खानेसुमारी केली, तेव्हा देशात सुमारे १३ टक्के लोक सायकलवरून कामाला जातात असं निघालं. वॉचमन, पेपरवाले, दूधवाले, गवंड्याच्या हाताखालचे बिगारी, एमआयडीसीतले कंत्राटी कामगार. यांना कोणी सायकलप्रेमी म्हणत नाही. प्रेमाबिमाची भानगड नाही, बसचे पैसे वाचतात म्हणून ते सायकल चालवतात. शहरातली सायकल रस्त्यावर टिकून आहे ती यांच्यामुळे.

नव्या, हौशी सायकलींची तऱ्हा वेगळी. लाखभर रुपये मोजून आणलेल्या सायकलीला मडगार्ड नसतं, कॅरियर नसतं, पुष्कळदा घंटीही नसते आणि मुख्य म्हणजे स्टँड नसतं. वजन वाढतं म्हणे. म्हणजे ही सायकल स्वतःच्या पायावर उभीच राहत नाही. तिला टेकायला भिंत लागते, बांधायला खांब लागतो आणि राखायला माणूस लागतो. आपल्या आजोबांची काळी रॅले किंवा अ‍ॅटलास दुहेरी स्टँडवर ठोकून उभी केली की भूकंपातही हलत नसे. त्या अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० रोजी. जागतिक सायकल दिन साधून!

एके काळी पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, हे आता शाळेच्या निबंधातच उरलं आहे. पण ते खरं होतं. सकाळी भोंग्याच्या वेळेला खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे सायकलींचा लोंढा निघे, पुढे पिंपरी-आकुर्डीचे कारखाने आले तसा तो लांबत गेला. तेव्हा सायकलीला कायदाही विचारत होता. नगरपालिका तिच्यावर कर घेई आणि भरल्याची खूण म्हणून बिल्ला देई. रात्री बत्ती नसेल तर पोलीस पकडे. डायनॅमोचा दिवा चाक फिरेल तोवरच लागायचा, पोलिसाने शिट्टी मारली की माणूस थांबे, माणूस थांबला की दिवा विझे, आणि मग हवालदार शांतपणे विचारी, "दिवा कुठाय?" "हवालदारसाहेब, आत्ता लागला होता!" हे वाक्य कित्येक पुणेकरांनी अंधारात उभं राहून म्हटलेलं आहे. डबलसीटलाही बंदी होती. त्यामुळे चौक आला की मागचा गडी उतरून साळसूदपणे चालू लागे आणि चौक ओलांडला की पुन्हा कॅरियरवर उडी मारून बसे.

आणि स्टँड होते! थिएटरला, मंडईला, स्टेशनला, कॉलेजला. सायकल स्टँडवाला पत्र्याचे दोन सारख्या नंबरचे बिल्ले काढायचा, एक हँडलला अडकवायचा, एक हातात द्यायचा. सिनेमा सुटल्यावर अंधारात शेकडो काळ्या सायकलींतून आपली ओळखायची, ती नेमकी सगळ्यात आत, आणि तिच्या पेडलमध्ये शेजारणीचं ब्रेकचं हँडल अडकलेलं. पेठांतल्या वाड्यांवर ठणठणीत पाट्या असत: भिंतीला सायकल टेकवू नये, टेकवल्यास हवा सोडण्यात येईल. आज या धमकीची आठवण गोड वाटते. निदान कोणी सायकलीची दखल घेत होतं.

मग लुना आली, स्कूटर आली, मोटारसायकल आली. २०१८ मध्ये तर बातमीच आली, की पुण्यातल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या माणसांच्या पुढे गेली. आता वाहनांचंच शहर, त्यात माणसं भाड्याने राहतात. जुन्या सायकलींचं एक देखणं संग्रहालय कर्वेनगरात आहे. ते जरूर पाहावं. सायकलींना हक्काने, निवांत, छताखाली उभं राहायला मिळतं अशी शहरातली ती बहुधा एकमेव जागा.

महापालिकेने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ८२४ किलोमीटरचं सायकल मार्गांचं जाळं आहे. एका रेषेत मांडलं तर पुण्याहून निघालेला माणूस नागपूर मागे टाकून थेट मध्य प्रदेशात शिरेल. आराखडा चांगला आहे, अभ्यास करून केलेला आहे, त्यात सायकल लावायच्या जागांचाही विचार आहे. प्रस्तुत लेखकाचं त्याच्याशी काही वाकडं नाही. आराखड्यातला मार्ग प्रत्यक्ष रस्त्यावर भेटतो तेव्हा मात्र दोघांनी एकमेकांना ओळखावं लागतं.

तो असा भेटतो. चौकाजवळ जमिनीवर पांढऱ्या रंगात सायकलीचं चित्र. त्याच्या तोंडाशीच तीन स्टीलचे खांब, मोटारसायकली आत घुसू नयेत म्हणून ठोकलेले. त्यांच्यातली फट अशी की सायकलीचं हँडल तिरकं करूनही जात नाही. मोटारसायकलींना चिंता नाही, त्या पुढच्या दुकानाच्या उतारावरून सुखेनैव आत येतात. पेव्हर ब्लॉक असे बसवलेले, की दहा पावलांत डब्यातलं वरण आणि भात एकजीव होतात. मग वीज मंडळाची डीपी. मग बसथांबा, तो बरोब्बर मार्गाच्या मधोमध, कारण सावली तिथे पडते. मग वडापावची गाडी, तिच्यासमोर वडापाव खाणाऱ्यांच्या आडव्या लावलेल्या मोटारसायकली. मग एक झाड. झाडाशी मार्ग संपतो. तिथून पुढे सायकलवाल्याने काय करायचं याची पाटी नाही. बहुधा झाडाला सायकल लावून चालत जायचं असावं. एवढ्यात मागून कर्कश हॉर्न. स्कूटरवरच्या तरुणाला सायकल मार्गावर सायकल मध्ये आल्याचा मनस्वी राग आलेला असतो. "ओ काका, रस्त्यानं चालवा ना!"

फुटपाथवर किंवा सायकल मार्गावर मोटार वाहन घालायचं नाही, हा नियम १९८९ च्या वाहतूक नियमांत होता. २०१७ ला नवी नियमावली आली, तिच्यातही आहे. म्हणजे नियमाची अडचण नाही. तो स्कूटरवाल्याला सांगणारं कोणी चौकात नाही, एवढंच.

मुंबईची कथा याहून सुरस. तिथे सायकल मार्गाला रस्त्यावर जागा मिळेना, तेव्हा महापालिकेला एक मोकळी जागा दिसली. पवईचा तलाव! तलावाकाठी भराव घालून सायकल आणि जॉगिंगचा मार्ग करायला सुरुवात झाली. पवई तलावात मगरी आहेत, हे मुंबईत लहान मुलांनाही ठाऊक आहे. रस्त्यावर बेस्टची बस आणि तलावात मगर यांतून सायकलवाल्याने निवड करायची, अशी योजना होती की काय कोण जाणे. आयआयटीतले विद्यार्थी आणि पर्यावरणवादी कोर्टात गेले. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा मार्ग बेकायदा ठरवला आणि घातलेला भराव काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. मगरींनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. सायकलवाले मात्र मुळात तलावात जागा मागायला गेलेच नव्हते. त्यांचं मागणं रस्त्याच्या कडेच्या पाच-सहा फुटांचं होतं. वांद्रे-कुर्ला संकुलात तसा मार्ग २०११ च्या सुमारास झालाही होता. त्याच्यावर मोटारी उभ्या राहिल्या, आणि पुढे रस्ता रुंद करायला हवा म्हणून तो काढायची वेळ आली.

रस्ते नीट होऊ शकत नाहीत, असं मात्र आता कोणी म्हणू नये. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. शहर आणि जिल्ह्यातून सुमारे ४३७ किलोमीटर, देशोदेशींचे संघ. त्याआधीच्या महिन्यांत शर्यतीच्या वाटेवरचे रस्ते असे काही गुळगुळीत झाले, की वर्षानुवर्षं ओळखीचे असलेले खड्डे शोधूनही सापडेनात. परदेशी सायकलवाला घसरला तर देशाची नाचक्की होते, स्वदेशी सायकलवाला घसरला तर त्याचं तो बघून घेतो. शर्यत छान झाली, हेही सांगायला हवं. चढावर धापा टाकणाऱ्या त्या पोरांना बघायला गावंच्या गावं रस्त्याला आली. घाटात सायकल मारणाऱ्याचं कौतुक आपल्याकडे नवं नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून मिरवलं जायचं, ते उगाच नव्हे.

नाशिककर तर याबाबतीत सगळ्यांना भारी. तिथले महाजन डॉक्टरबंधू २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' पुरी करून आले. आषाढीच्या सुमारास नाशिकहून सायकलवारी पंढरपूरला निघते आणि सायकलींचं रिंगणही धरतात. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी १५९ दिवसांत सायकलवरून २९ हजार किलोमीटर फिरून जगप्रदक्षिणा घालून आली. कॅनडात तिच्या मागे अस्वल लागलं होतं. ही बातमी वाचून पेठेतल्या एका काकांनी विचारलं, "अस्वलाचं ठीक आहे हो, पण ती स्वारगेटचा चौक कसा ओलांडते?"

प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे पाहिले, तर २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यांत सायकलस्वार साडेचार हजारांहून जास्त. आणि यांतल्या प्रत्येकाच्या घरी नातेवाइकांचा पहिला प्रश्न एकच असणार: "पण त्या रस्त्याने गेलाच कशाला होता?" दुसरा: "हेल्मेट होतं का?" हेल्मेट घालावं, डोकं आपलंच आहे. पण सायकलस्वाराला कायद्याने हेल्मेटची सक्ती नाही, आणि ते नव्हतं म्हणून मागून ठोकणाऱ्याचा दोष धुऊन निघत नाही.

सायकलीला कागद नसले तरी सायकलस्वाराला हक्क आहेत, ही गोष्ट खुद्द सायकलस्वारांनाच ठाऊक नसते. मोटार वाहनाने धडक दिली तर भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पैसे बहुतेक वेळा त्या वाहनाच्या विमा कंपनीला द्यावे लागतात. धडक देऊन गाडी पळून गेली, नंबर मिळाला नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. एप्रिल २०२२ पासून हे आकडे लागू आहेत. धडक देणाऱ्या चालकाने जखमीला दवाखान्यात पोचवण्याची खटपट केलीच पाहिजे. आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणी जखमीला उचलून नेलं, तर त्या भल्या माणसाला पोलीस-कोर्टाचा ससेमिरा लागू नये, याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आहे. हे सगळं बँकेतल्या त्या वॉचमनच्या खिशात छापील कागदावर असायला हवं, कारण रात्री दहाला हायवेच्या कडेने बिनदिव्याच्या सायकलीवरून घरी जातो तो तोच.

नेदरलँड्सला गेलेला प्रत्येक मराठी इंजिनीअर पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर सायकलींचे फोटो टाकतो आणि खाली लिहितो, 'आपल्याकडे हे कधी?' उत्तरादाखल हात जोडलेले इमोजी येतात. उत्रेख्तच्या रेल्वे स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली लावायची जागा आहे. २०१९ साली ती पूर्ण झाली, आणि पहिले २४ तास फुकट. पण डच लोक काही पोटातूनच शहाणे आले नव्हते. तिथेही मोटारींनी रस्ते गिळले होते. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३३०० माणसं गेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांचे खून थांबवा' म्हणत त्यांनी रस्ते अडवले. त्यानंतर कुठे मार्ग झाले, स्टँड झाले. कोणी टी-शर्ट वाटले होते असं वाचनात नाही.

आपल्याला उत्रेख्त नको. पुण्यातल्या एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली आरामात बसतात, एवढा हिशेब पुरे. उलट्या यू अक्षरासारखा वाकवलेला लोखंडी पाइप जमिनीत पक्का बसवला की दोन सायकलींची सोय झाली. फ्रेम आणि चाक दोन्ही त्याला साखळीने बांधता येतात. फक्त पुढचं चाक खोबणीत घालायचे ते जुने स्टँड घेऊ नयेत, धक्का लागला की रिम वाकते. गल्लीतला कोणताही वेल्डर हे काम एका दुपारी करून देईल.

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. नोटीस आली की सचिवांकडे लेखी विषय द्या: मोटारीची एक जागा सायकलींना, रहिवाशांच्या आणि कामाला येणाऱ्या बायामाणसांच्याही. सचिव म्हणतील, "आयत्या वेळच्या विषयांत बघू." तेव्हा अर्जाची पोच मागा, आणि तिच्यावर तारखेसकट सही घ्या.